कय्यूमभाऊंचा आरसा

माझ्या घराच्या मागच्या पडवीत पत्र्याच्या अकरा पाट्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या आहेत. अकराही पाट्यांवर एकच मातकट रंग, बाकी काही नाही. पाहुणे विचारतात, भंगारवाल्याला का देत नाही? बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्या वेळी न विचारता त्यांच्यावर सांडगे वाळत घातले. मी म्हणतो, ती कय्यूमभाऊंची चित्रं आहेत. मग पुढचा प्रश्न येतो की चित्र कुठं आहे. दर वेळी तेच ते सांगून मी आता थकलो आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कय्यूमभाऊ आमच्या सिंदेवाहीचे पेंटर. मी भाताच्या संशोधन केंद्रात शेतावरचा कर्मचारी, सगळी नोकरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून केली. आमच्याकडे प्रत्येक बांधीत, म्हणजे भाताच्या तुकड्यात, वेगळा वाण लावलेला असतो आणि त्याच्या नंबराची पत्र्याची पाटी चिखलात रोवलेली असते. त्या पाट्या दर हंगामात कय्यूमभाऊ रंगवायचे. तेवढीच आमची ओळख, आणि तेवढ्यावर ती तीस वर्षं चालली.

माणूस उंच, काटकुळा. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि त्यावर रंगाचा एक ठिपका सापडेल तर शपथ. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दाढी करायचा छोटा गोल आरसा. पाटी रंगवून झाली की ते तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरसा खांद्याजवळ धरून त्यात तिला पाहायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काम सोडून हा बाबा भांग पाडतो आहे.

"समोरून पाह्यलं का डोळा लबाडी करते, अशोकभाऊ," ते म्हणाले. "त्याले माहीत रायते ना, काय लिवलं थे. आरशात त्याले नवीन दिसते. चूक असली का लगेच वर येते."

एकदा आरशात त्यांना सहाचा आकडा किंचित झुकलेला दिसला. रोवणीवाल्या, म्हणजे भात लावणाऱ्या, बायका खोळंबल्या होत्या, मी घाई करत होतो, आणि हे गृहस्थ आकडा पुसून पुन्हा काढत बसले. मी वैतागून म्हणालो, "कय्यूमभाऊ, धानाला वाचता येत नाही." ते म्हणाले, "तुमाले तं येते ना." पुढे मी त्यांना घाई करणं सोडलं, कारण उपयोग नव्हता.

कसे आहात असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "थकून राह्यलो." सकाळी नऊला भेटले तरी तेच. लोक जसं ठीक आहे म्हणतात, तसं ते हे म्हणायचे. त्यात तक्रार नसायची, आणि खोटंही नसायचं.

पुढे फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्या गेल्या. मग आमच्या बांध्यांच्या पाट्याही छापून येऊ लागल्या. जुन्या पत्र्याच्या पाट्या कय्यूमभाऊ उचलून घेऊन गेले. त्यांच्याकडे उरलं एकच काम, मेलेल्या माणसांच्या तसबिरी. आमच्याकडची गावं जंगलाला लागून. मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, गवत कापायचं, सगळं वाकून. वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतो, असं वनरक्षक सांगतात. ज्याच्या घरचं माणूस जायचं त्याच्याकडे बहुधा एकच फोटो असायचा, आधार कार्डावरचा. तो मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. म्हणून लोक कय्यूमभाऊंकडे यायचे.

ते कार्ड हातात घ्यायचे आणि तीन गोष्टी विचारायचे. कामाचा हात कोणता, आवडीनं काय खायची किंवा खायचा, आणि राग आला की काय म्हणायची. पहिल्या दोन प्रश्नांना लोक मुकाट्याने उत्तर देत. तिसऱ्याला कोणीतरी हसायचं, आणि हसता हसता तिथंच रडायला लागायचं. उत्तरं ते एका वहीत लिहून ठेवत. तसबिरीत त्याचं काय उतरायचं ते मला कधी कळलं नाही. पण एकदा मी विचारलं, एवढं कशाला, तर म्हणाले, "कार्डावर तं सगळे चोर दिसतेत. निदान मले तं माहीत असावं का चोर नाई."

एका उन्हाळ्यात जंगलात जाणाऱ्यांसाठी वनखात्याकडून मुखवटे आले. डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ मागून येतो, त्याला चेहरा दिसला की तो बिचकेल, अशी कल्पना. मुखवटे कोरे होते, ते रंगवायचं काम कय्यूमभाऊंना मिळालं. त्यांनी एकासारखा दुसरा केला नाही. कोणाला मिशा, कोणाला कुंकू, कोणाच्या भुवया वर. साहेब म्हणाले, सगळे सारखे चालले असते. कय्यूमभाऊ म्हणाले, "वाघ रोज थोच चेहरा पाहीन तं वळखन ना, साहेब."

वाटपाला मीही गेलो होतो. बायका मुखवटे लुगड्यांसारखे उलटून पालटून पाहत होत्या. एक म्हातारी आपला परत घेऊन आली. "पेंटरभाऊ, हा बदलून द्या. हा तं हासून राह्यला. वाघ जवळ येऊन बसन." कय्यूमभाऊंनी ब्रश काढला आणि तिथंच उभ्या उभ्या त्याच्या भुवया खाली ओढल्या. म्हातारीने तो डोक्यामागे बांधला आणि शेजारणीला दाखवला. दोघी खूप हसल्या. पुढे उन्हात घामाने रबर निसटू लागलं, डोकं दुखू लागलं आणि मुखवटे घरोघरी खुंटीला गेले.

परत येताना आम्ही एसटीत शेजारी बसलो होतो. कय्यूमभाऊ म्हणाले, "एवढे चेहरे मांगून लावले लोकाइले. पन माणूस मांगून कसा दिसते, थे मी जिंदगीत काढलं नाई." मला तेव्हा ते थकल्या माणसाचं बोलणं वाटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मोहाच्या दिवसांत फुलं वेचताना वच्छलाबाई वाघाच्या हल्ल्यात गेली. तिचा नवरा दिवाकर, धानाची थोडी शेती करणारा, आमच्या केंद्राच्या पलीकडच्या गावचा. कय्यूमभाऊंनी नेहमीसारखी तसबीर केली. आठ दिवसांनी दिवाकर ती दुपट्ट्यात गुंडाळून परत घेऊन आला. मी तेव्हा त्यांच्या दुकानातच चहा पीत होतो.

"मले वळखू येत नाई," तो म्हणाला.

"फोटोवरूनच काढलं, भाऊ."

"फोटो तिचाच हाय. पन मी तिले असं समोरून कवा पाह्यलं?"

आमच्याकडे जंगलाच्या वाटेने जाताना बाई पुढे चालते आणि गडी मागून कुऱ्हाड घेऊन चालतो. जे यायचं ते मागून येतं, म्हणून. वीसेक वर्षं दिवाकर असा वच्छलाबाईच्या मागून चालला होता. घरी आल्यावर चूल, अंधार, झोप. बायकोचा चेहरा निरखत बसायला कोणाला वेळ असतो? तिची पाठ मात्र त्याला पाठ झाली होती.

तो तसबिरीकडे न पाहता म्हणाला, "त्या दिवशी मी मांगं नवतो. बैल पाहाले गेल्तो."

कय्यूमभाऊंनी त्याच्या हातातून तसबीर काढून घेतली. "ठेवून जा," म्हणाले. "दुसरं करतो."

तिथून हे सगळं सुरू झालं. ज्या बाईला कधी पाहिलं नाही, तिची पाठ काढायची, आणि ती तिच्या नवऱ्याने ओळखायची. मी म्हणालो, हे होणार नाही. ते म्हणाले, "होत नाई, म्हनून तं चार दिवस झोप नाई."

आधी त्यांनी जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर काढून पाहिलं. एका बाजूला कोण्या पुढाऱ्याचा वाढदिवस, दुसऱ्या बाजूला बाई. वाळल्यावर गुंडाळलं तर रंगाची पापडी निघाली. मग त्यांना आमच्या पाट्या आठवल्या. त्या दुकानामागे पडून होत्या. त्यांनी त्यांची मागची कोरी बाजू घासली आणि चित्राच्या आधी रंगाची जमीन, म्हणजे खालचा थर, करायला घेतली. ही जमीन चिखलाच्या रंगाची हवी होती. कोणत्या चिखलाच्या? ओल्या की सुकत आलेल्या? माझ्या बांधीतून त्यांनी पिशवीभर चिखल नेला, पाटीशेजारी ठेवला आणि तो सुकत जाईल तसा रोज रंग बदलत गेले. पाच दिवसांनी म्हणाले, दुसऱ्या दिवसाचा बरोबर होता. आणि पुन्हा दुसऱ्या दिवसाचा रंग केला.

आषाढात रोवणी लागली तशी ते धुऱ्यावर येऊन बसू लागले. मी तीस वर्षं त्याच धुऱ्यावर उभा होतो. बायका रांगेने वाकलेल्या, पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या हातात, मागे मागे सरकत लावत जाणाऱ्या. मी त्यांच्यात फक्त अंतर पाहिलं होतं, दोन ओळींमधलं. कय्यूमभाऊ लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर पेन्सिलीने बोटभर चित्रं काढायचे. त्यांना ते चिठ्ठी म्हणत. एक चिठ्ठी झाली की घरी नेऊन दोरीला चिमट्याने लावायची, तोंड भिंतीकडे करून. दुसऱ्या दिवशी ती न पाहता पुन्हा तेच चित्र काढायचं. मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. जे दुसऱ्यांदा हाताला आठवलं नाही ते खोडायचं.

"हाताले आठवन नाई, थे चित्रात कामाचं नाई," ते म्हणाले. आठवड्याभरात एका बाईची टाच तेवढी उरली. दुसरीचा कमरेला खोचलेला पदर. तिसरीचा एक खांदा, वर राहणारा.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चिठ्ठ्या बायकांसमोर मांडल्या. मला वाटलं, आता खिदळतील. शांताबाई म्हणून रोवणीतली जुनी बाई, तिने एक उचलली. "हे तं आमची सुमन होय." दुसरी उचलली. "हे मी." तिसऱ्या चिठ्ठीवर दोघींचं भांडण झालं, पण तेही एका मिनिटात मिटलं. तोंड कुठंच नव्हतं, तरी एकही चुकली नाही. कय्यूमभाऊ माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाह्यलं? यायले आरसा लागत नाई." त्या दिवशी मी कसे आहात विचारूनही त्यांनी थकलो म्हटलं नाही.

मग ते दिवाकरकडे गेले. चार-पाच वेळा गेले. काही विचारायचे नाहीत, नुसतं त्याच्या मागून जंगलाच्या कडेपर्यंत चालायचे आणि तो आपण होऊन काय सांगतो ते ऐकायचे. ती डाव्या पायावर जास्त भार द्यायची. टोपली उजव्या कमरेवर. मानेवर केस सुटायचे, ते ती बांधायची नाही. पोळ्याच्या सुमारास पाटी तयार झाली. मोहाखाली वाकलेली बाई, पाठीमागून. मी ती पाहिली आणि मला ती जिवंत वाटली. मी तसं म्हणालोही. कय्यूमभाऊंनी आरशात पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मान हलवली.

दिवाकर लेकीला घेऊन आला. मंदा सासरहून मुद्दाम आली होती. तिने पाटी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"वाकलेली काऊन काढली जी?" ती म्हणाली. "वाकली म्हनून तं नेलं तिले."

दिवाकर पाटीकडे पाहत होता, पण तो काय पाहत होता ते आता आम्हा सगळ्यांना कळलं होतं. ज्या दिवशी तो मागे नव्हता त्या दिवशी ती अशीच दिसली असेल, आणि तेव्हा तिला मागून पाहणारा कोण होता. कय्यूमभाऊंनी पाटी उलटी करून भिंतीला लावली.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले.

ते दोघं गेल्यावर मला माझीच लाज वाटली. वाहवा करणारा मी होतो. वाकलेल्या बायका बघायची ज्याची नोकरी, त्याला वाकणं म्हणजे काय हे एका पोरीने सांगावं लागलं. कय्यूमभाऊ खिशातला आरसा काढून हातात फिरवत होते. "यानं नाई सांगतलं," एवढंच म्हणाले.

नंतर दोन-अडीच महिने त्यांनी ब्रश हातात धरला नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, लेक वरोऱ्याहून फोन करायची, की या, ऑपरेशन करून टाकू. ते जाऊ, जाऊ म्हणत. मी दुकानावरून गेलो की आत चिठ्ठ्या दोरीला तशाच दिसायच्या, भिंतीकडे तोंड करून. मी आत जायचं टाळत होतो, हे कबूल करतो.

धानाच्या कापणीला ते अचानक धुऱ्यावर आले. काही काढायला नाही, नुसते बसले. दुपार कलली होती. शांताबाईची ओळ संपली. तिने विळा डाव्या हातात घेतला, उजवा हात कमरेवर ठेवला आणि हळूहळू पाठ सरळ केली. आमच्याकडे पाठच होती तिची. पुरती सरळ झाल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली, समोरच्या झाडांकडे बघत. असं ती दिवसातून किती वेळा करत असेल, आणि मी किती वर्षं ते पाहिलं असेल.

"वाकली थे खरं हाय," कय्यूमभाऊ म्हणाले. "पन दिवसभर उठत बी तं असन."

उठताना त्यांनी स्वतःचा हात कमरेवर ठेवला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पाटी नवी घेतली, जमीन दुसऱ्या दिवसाच्या चिखलाची. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते सकाळच्या उन्हात तासभरच काम करायचे. मंदा आणि दिवाकर आले तेव्हा मी मागे दाराशी उभा होतो. पाटीवर वच्छलाबाई सरळ झाली होती. टोपली खाली ठेवलेली, हात कमरेवर, भार डाव्या पायावर, मानेवर केस सुटलेले. पुढे वाट होती.

दिवाकरने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. बराच वेळ पाहिलं.

"अशी उभी रायली का मंग मांगं पाहे," तो म्हणाला. "येऊन राह्यले ना, म्हने." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "येऊन राह्यले ना, म्हने."

मंदाने डोळे पुसले आणि कय्यूमभाऊंना विचारलं, पत्र्याला भोक इथंच पाडून मिळेल का. दिवाकरने ती पाटी घराच्या मागच्या दाराशी लावली आहे, जंगलाची वाट जिथून निघते तिथं. मी पाहून आलो आहे.

त्यानंतर कय्यूमभाऊंनी आपली वही काढली. ज्यांच्या तसबिरी केल्या होत्या त्यांतली अकरा नावं निवडली आणि अकरा पाट्यांवर एकदम जमीन करून टाकली. आता सगळ्यांच्या घरी जायचं, त्यांच्या माणसांच्या मागून चालायचं आणि ऐकायचं, असं ठरलं. एवढं काम पाहून मलाच धाप लागली. पण आधी डोळे. पौषात ते वरोऱ्याला लेकीकडे निघाले, आणि पाट्या माझ्याकडे ठेवून गेले, दुकान गळतं म्हणून. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधीच त्यांना छातीचं दुखणं उठलं आणि ते तिथंच गेले. मला कळलं ते माती देऊन झाल्यावर. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

पाट्या उलट्या केल्या की मागच्या बाजूला त्यांनीच रंगवलेले वाणांचे जुने नंबर आहेत. त्याखाली पेन्सिलीने एकेक नाव आणि एकेक शब्द, तसबिरीच्या वेळी घरच्यांनी बोलता बोलता सांगितलेला असावा असा. टाच. पदर. डावा खांदा. एकीपुढे नाव आहे आणि शब्दाची जागा मोकळी आहे.

त्यांना सोडायला मी बसस्टँडवर गेलो होतो. पिशवी मी घेतली होती, ते पुढे चालत होते, मी मागून. चढताना पायरीशी थांबले, कमरेवर हात ठेवला, सरळ झाले. मला वाटलं, आता वळतील. ते वळले नाहीत. वर जाऊन पलीकडे, उजवीकडच्या खिडकीशी बाहेर तोंड करून बसले, त्यांची पाठ माझ्याकडे. मी खालून विचारलं, "कय्यूमभाऊ, बरं आहे ना?" आतून आवाज आला, "थकून राह्यलो."

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिशातून आरसा काढला आणि मागे न वळता खांद्याजवळ धरला. त्यात त्यांचा एक डोळा मला दिसला. ते मला पाहत होते. मी पिशवीच्या ओझ्याने वाकलेला तसाच उभा होतो, ती द्यायचीच राहून गेली होती. मी सरळ उभा राहिलो.